युरियाची गोणी जाते कुठे?

युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. त्यातले कपाशीच्या वाट्याला किती येते, हवेत किती उडते आणि विहिरीत किती उतरते, याचा अंदाज गोणी फोडण्याआधी मिळाला तर घटता कस आणि बिघडते पाणी हे दोन्ही प्रश्न एकाच हिशेबात मांडता येतील. हिशेब तातडीचा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट, म्हणजे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप, लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलेले आढळले. वर्धा, अमरावती, यवतमाळ हे अधिक बाधित जिल्ह्यांपैकी. सांडपाणी आणि उकिरड्यांचाही त्यात हात आहेच, पण म्हणून खताला मोकळे सोडता येत नाही.

२०१५ पासून मिळणारी मृदा आरोग्यपत्रिका १२ घटक मोजते, मात्र कोरडवाहू भागात १० हेक्टरांमागे एक नमुना घेऊन. विदर्भात एवढ्या टापूत वर मुरमाड बरड असते आणि उताराच्या पायथ्याशी खोल काळी जमीन. बरडीतून नायट्रेट पाण्याबरोबर झपाट्याने खाली झिरपते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, आणि पाणी तुंबले की उरलेले नत्रही वायुरूपाने निसटते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी तर थेट खोलवर जाते. या सगळ्याला एकच शिफारस कशी लागू पडेल?

इथे गणिती प्रारूप कामाला येते. इंग्लंडमधल्या रॉथॅम्स्टेड केंद्राचे ‘रॉथसी’ तापमान, पाऊस, बाष्पीभवन, चिकणमातीचे प्रमाण आणि पिकांचे अवशेष अशा माहितीवरून मातीचा कस राखणारा सेंद्रिय कर्ब पुढे वाढेल की घटेल हे सांगते. नत्राच्या वाटा मांडणारी प्रारूपे वेगळी आहेत. परदेशी गणित आपल्या मातीला लागू पडेल का, ही शंका रास्त आहे. म्हणूनच नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी कर्बाची अशी प्रारूपे आपल्याकडच्या दीर्घकालीन खत-प्रयोगांच्या नोंदींवर पारखली; त्यांत अकोल्याचा प्रयोगही होता. वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवलेल्या अशा नोंदींशिवाय संगणकाचा आकडा पोकळच.

शेतकऱ्याला आपली माती कळते, मग हा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाते. ओल, पोत, वाफसा त्याला कुणाहीपेक्षा चांगला कळतो. पण नायट्रेटला ना रंग ना वास. अधिक गंभीर आक्षेप असा, की अंदाज चुकला तर नुकसान त्याच्याच पदरी पडते. म्हणून प्रारूपाने एकच ठाम आकडा न देता किमान-कमाल मर्यादा सांगावी, बरड आणि काळीसाठी वेगळी. आणि सरकारने निवडक गावांतल्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासून, नायट्रेटचा वर्तवलेला आणि मोजलेला असे दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर शेजारी शेजारी लावावेत.