पऱ्हाटीचं वावर बर्फासारखं पांढरं! ‘इन्फ्रारेड’ कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं?

टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा आणि रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून कुठलंही बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. (ब्लूटूथवर चालणारा नवा रिमोट असेल तर दिसेलच असं नाही, सेट-टॉप बॉक्सचा घ्या.) थेट डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काहीच नाही. हेच मागच्या कॅमेऱ्याने करून पाहा. ठिपका फिका होईल किंवा गायबच होईल.

हा ठिपका म्हणजे इन्फ्रारेड, शाळेच्या पुस्तकातले ‘अवरक्त किरण’. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला मात्र १००० नॅनोमीटरपर्यंतचाही दिसतो. तो आत आला तर फोटोचे रंग बिघडतात, म्हणून सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी एक पातळ काच बसवलेली असते. मागच्या कॅमेऱ्यात ही काच कडक पहारा देते, सेल्फी कॅमेऱ्यात बऱ्याचदा ढिलाई असते.

ही काच काढून टाकली तर? त्यालाच ‘कन्व्हर्टेड कॅमेरा’ म्हणतात. अशा कॅमेऱ्याने अमरावती-अकोल्याच्या शिवारात फोटो काढला, तर हिरवीगार पऱ्हाटी बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसते आणि आकाश काळपट होतं.

कॅमेरा ‘बदलतात’ म्हणजे काय करतात?

जुना डिजिटल कॅमेरा उघडून सेन्सरवरची मूळ काच काढतात आणि तिच्या जागी दुसरा फिल्टर बसवतात. सगळ्यात जास्त चालतो तो ७२० नॅनोमीटरचा. तो दिसणारा बहुतेक प्रकाश अडवतो आणि त्यापुढचा आत सोडतो. नव्या काचेची जाडी चुकली तर फोकस चुकतो. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकस पाहणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. मिररलेस कॅमेरा थेट मुख्य सेन्सरवरूनच फोकस करतो, तिथे ही डोकेदुखी नाही.

यूट्यूब पाहून घरीच स्क्रू-ड्रायव्हर उचलणाऱ्यांसाठी एक सूचना. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकून राहतो. मी इंजिनिअरिंग केलंय, तरीही हे काम जाणकाराकडेच द्या असं सांगेन. शिवाय ७२० चा फिल्टर बसला की त्या कॅमेऱ्यातून नेहमीचे रंगीत फोटो निघत नाहीत, म्हणून घरातल्या एकुलत्या एका कॅमेऱ्यावर हा प्रयोग नको.

कॅमेरा न उघडता लेन्सवर फिल्टर लावूनही हे जमतं. पण आतली काच तशीच असल्याने एका फोटोला काही सेकंद लागतात, ट्रायपॉड लागतो आणि वाऱ्यावर हलणारं सोयाबीन पुसट होऊन जातं. बदललेला कॅमेरा हातात धरूनच चालतो.

पान पांढरं का होतं?

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खातं, हिरवा थोडा परतवतं. इन्फ्रारेड त्याच्या कामाचा नसतो. तो पानात शिरतो, आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटून विखुरतो आणि त्यातला जवळपास निम्मा बाहेर परततो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून याला ‘वुड इफेक्ट’ म्हणतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. हा उष्णतेचा फोटो नाही. कोरोनाकाळात कपाळासमोर धरायची ती ‘गन’ साधारण ८ हजार ते १४ हजार नॅनोमीटरमधलं उत्सर्जन मोजते. आपला कॅमेरा तिथपर्यंत पोहोचतच नाही. तो उन्हाचाच परतलेला भाग टिपतो. मेळघाटातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये रात्री वाघ कृष्णधवल दिसतो, तेही याच जवळच्या इन्फ्रारेडमुळे. फक्त तिथे ऊन नसतं, ट्रॅपमधले एलईडी असतात.

ऊनच हवं असल्याने वऱ्हाड या छंदाला फार सोयीचं. इतर फोटोग्राफर दुपारी बारा वाजता कॅमेरा बॅगेत ठेवतात, इन्फ्रारेडवाल्याची खरी वेळ तीच. त्यातही ऑक्टोबर उत्तम: आकाश धुतलेलं, पीक उभं, ऊन रणरणतं. काळी माती इन्फ्रारेडमध्येही गडदच राहते, त्यामुळे पांढऱ्या तासांच्या रेघा उठून दिसतात. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किंवा अकोट तालुक्यातला नरनाळा घ्या. काळा दगड, भोवती पांढरी झाडी आणि तलावाचं पाणी शाईसारखं, कारण पाणी इन्फ्रारेड गिळून टाकतं. लांबच्या डोंगरांवरचा निळसर धूसरपणाही बराच कमी होतो. पण चिखलदऱ्याच्या धुक्यापुढे इलाज नाही, त्याचे थेंब या प्रकाशासाठीही मोठेच ठरतात. मे महिन्यात मेळघाटातला साग निष्पर्ण असतो, तेव्हा पांढरं व्हायला पानच नसतं. मग गावातला कडुनिंब शोधायचा.

फुटलेल्या कपाशीत एक गंमत होते. बोंडातला कापूस उजळ आणि पानही उजळ. ‘पांढरं सोनं’ पानांत हरवतं.

मग पिकाचा रोग कळतो का?

शेतकरी वाचकाचा प्रश्न हाच असेल. भारतात रिमोट सेन्सिंगची सुरुवातच यातून झाली. १९७० मध्ये शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळाच्या बागा टिपल्या आणि ‘रूट विल्ट’ रोगाने ग्रासलेली झाडं वेगळी ओळखली. पुढे १९८८ मध्ये गेलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहापासून आजच्या युरोपच्या सेंटिनेल-२ पर्यंत सगळे हाच प्रकाश वापरतात.

पण एकटा इन्फ्रारेड पुरत नाही. निरोगी पान लाल प्रकाश खातं आणि इन्फ्रारेड परतवतं. या दोन्हींतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की ‘एनडीव्हीआय’ हा आकडा मिळतो. ड्रोनवाले दाखवतात ते लाल-हिरवे नकाशे बहुधा याचेच. ७२० च्या छंदी कॅमेऱ्यात लाल वेगळा मिळत नाही, म्हणून त्यातला सुंदर पांढरा फोटो पाहून ‘पीक जोरात आहे’ असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

उपग्रहाचीही मर्यादा आहे. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत एका ठिपक्यात दोन-तीन झाडं येतात. एखाद्याच झाडाला डिंक्या लागला तर तो सरासरीत लपतो. सोयाबीन पिवळ्या मोझॅकने पिवळं पडो की पक्व होऊन, आकडा दोन्हीकडे घसरतो. कुठल्या तारखेचा फोटो आहे, हे विचारल्याशिवाय त्या नकाशाला अर्थ नाही.

हे विचारणं आता छंदापुरतं राहिलेलं नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून ‘येस-टेक’ पद्धत आली. भात आणि गव्हापासून सुरुवात झाली आणि उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के वाटा मिळाला. वरून दिसणारं पान आणि घरात येणारं पीक यांतलं अंतर थेट भरपाईला भिडतं.

२०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. अळी बोंडाच्या आत, सरकी खात बसलेली, आणि बाहेर पऱ्हाटी हिरवीगार. तेव्हा या कॅमेऱ्याने फोटो काढला असता तर वावर झकास पांढरंच दिसलं असतं. तिच्यासाठी आजही सल्ला जुनाच आहे: कामगंध सापळे लावा आणि वावरात फिरून २० हिरवी बोंडं फोडून पाहा. दोन बोंडांत अळी सापडली की नुकसानीची १० टक्क्यांची पातळी गाठली.