डोंगर एका दमात खोदता येत नाही, सॉफ्टवेअरही नाही

कोरेगाव : २०१६ च्या पहिल्या वॉटर कपला आपल्या तालुक्यातल्या वेळू गावानं पहिला नंबर काढला. मुदत होती ४५ दिवसांची. नुसतं ‘गाव पाणीदार करायचं’ म्हटलं, तर सकाळी कुदळ कुठं मारायची हे कुणालाच कळत नाही.

पुण्यात आयटीत असलेली आपली पोरं ‘अजाईल’ पद्धतीत एवढ्या मोठ्या कामाला ‘एपिक’ म्हणतात. त्याचे तुकडे म्हणजे ‘स्टोरी’. बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा ‘स्प्रिंट’ असतो, त्यात ठरलेल्या स्टोऱ्या पुऱ्या करायच्या.

खरी गोम तुकडे पाडण्यात आहे. आमच्या शिवारात आम्ही एक टोळी चरांवर, दुसरी दगडी बांधावर, तिसरी नाल्यावर लावली. सगळीकडंच काम अर्धं. मध्येच वळीव आला आणि वरची माती खालच्या बांधात येऊन बसली. त्यापेक्षा एकच ओघळ धरून माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरा केला असता, तर तेवढं पाणी तरी मुरलं असतं आणि काय चुकलं तेही दिसलं असतं.

ॲपचंही तसंच. आधी सगळे स्क्रीन, मग सगळा हिशेब असं करत नाहीत. ‘शेतकऱ्याला उसाचं बिल दिसावं’ ही एक स्टोरी पार टोकापर्यंत चालू करतात, ती शेतकऱ्याच्या हातात देतात, तो काय म्हणतो ते ऐकतात आणि मगच पुढच्या स्टोरीला हात घालतात.