धूर कुणाच्या छातीत, सवलत कुणाच्या खिशात?

विजेवर चालणारी मोटार धूर सोडत नाही, हे खरे आहे. तिच्यामागे उभे राहिले तर डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून पौड रोडवर हिरव्या नंबरप्लेटच्या मोटारी दिसू लागल्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटले, चला, आता कोथरूडची हवा सुधारेल. पुढारी तेच सांगतात, जाहिरातीही तेच सांगतात. आम्ही या पानावर दमा, रक्तदाब, मधुमेह यांविषयी लिहितो. मग बस आणि मोटारीचा विषय इथे कशाला, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. केळेवाडी, किष्किंधानगर, सुतारदरा, जय भवानीनगर इथला कष्टकरी माणूस मोटारीच्या बंद काचेआड बसत नाही. तो थांब्यावर उभा राहतो किंवा रस्त्याच्या कडेने चालतो. रस्त्यावर जे काही उडते ते आधी त्याच्या छातीत जाते.

तेव्हा आधी हवेचे पाहू. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. पण रस्त्यावरची हवा नुसत्या धुराने बिघडत नाही. टायर झिजतात, ब्रेक घासतात, खोदून ठेवलेल्या रस्त्याची माती चाकाखाली दळली जाते आणि पुन्हा पुन्हा वर उडते. यातले अगदी बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची सरकारी मर्यादा ४० आहे. उद्या कुणी 'हवा मर्यादेत आहे' असे सांगितले, तर कोणत्या मर्यादेत, एवढे तरी आपण विचारलेच पाहिजे.

विजेच्या मोटारीत ब्रेक कमी घासतात, हा तिचा गुण. पण बॅटरीमुळे ती जड असते, त्यामुळे टायर जास्त झिजतात, आणि रस्त्यावरची धूळ ती इतर मोटारींसारखीच उडवते. शिवाय वीज येते कुठून? महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच तयार होते. दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या पाहिल्या असतील. पुढे चंद्रपूरलाही तेच चित्र आहे. तिथली राख तिथल्या गावांच्या अंगणात पडते. पेट्रोलच्या मोटारीपेक्षा विजेची बरी, हे मान्य. पण 'शून्य प्रदूषण' म्हणणे म्हणजे आपल्या दारातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटून घर स्वच्छ झाले म्हणण्यासारखे आहे.

विजेशी आपले भांडण नाही. पीएमपीने (जुनी माणसे अजून पीएमटीच म्हणतात) फेब्रुवारी २०१९ मध्ये विजेवरच्या बस आणल्या. बिनधुराची, बिनआवाजाची ती बस वस्तीतल्या माणसालाही परवडणारी होती. एक बस दोन-तीन मोटारींएवढा रस्ता अडवते आणि साठेक माणसे नेते. मोटारीत बहुतेक वेळा एकटा-दुकटाच बसलेला असतो. मोटार पेट्रोलची असो की विजेची, कर्वे रोडवर ती तेवढीच जागा खाते, आणि तिच्यामागे अडकलेली बस तेवढीच उशिरा येते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या मापदंडाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाख लोकांमागे ६० बस हव्यात. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते. त्या हिशेबाने तेव्हाच सुमारे २,९०० बस लागत होत्या. ठेकेदारांच्या धरूनही पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपासच रेंगाळत आला. माणसे मात्र २०११ च्या आकड्यावर थांबलेली नाहीत.

आता पैशाचे. राज्याच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात पहिल्या १०,००० मोटारींना प्रत्येकी दीड लाखापर्यंत अनुदान होते. म्हणजे नुसत्या या एका कलमाखाली १५० कोटींपर्यंतची तरतूद. त्यावर रस्ताकर माफ. जीएसटी ५ टक्के. काही वर्षे तर कर्जाच्या व्याजावर आयकरातही सूट. २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. ती ई-बसलाही आहे, हे सांगितले पाहिजे. आणि २०२१ च्या धोरणात सहा शहरांतली २५ टक्के सार्वजनिक वाहतूक २०२५ पर्यंत विजेवर आणायचे उद्दिष्टही होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. १ जून २०२५ ला पीएमपीचे भाडे वाढले. किमान तिकीट ५ चे १० झाले, शहराचा दैनिक पास ४० चा ७० झाला, मासिक पास ९०० चा १,५०० झाला. एका पासामागे वर्षाला ७,२०० रुपये जास्त. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला हा बोजा कुठे काढावा लागतो, हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे: ती चालत जाते, नाहीतर ससूनची फेरी पुढच्या महिन्यावर ढकलते. रक्तदाबाची गोळी महिनाभर चुकली की काय होते, ते या पानावर वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ही चांगली योजना आहे. पण ती पीएमपीला लागू नाही. स्वारगेटहून साताऱ्याला जाणाऱ्या बाईला अर्धे भाडे आणि सुतारदऱ्याहून रोज डेक्कनला कामाला जाणाऱ्या बाईला पूर्ण, हा न्याय आम्हाला कळलेला नाही.

बस म्हणजे आपल्यासाठी नुसते वाहन नाही. १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा अस्पृश्याचा टांगा हाकायला टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनी ही हकीकत स्वतः सांगितली आहे. एवढा शिकलेला बॅरिस्टर जखमी झाला तो वाहन मिळाले नाही म्हणून नव्हे, जातीमुळे मिळाले नाही म्हणून. पुढे १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवले. तिकीट काढले की कुणाच्याही शेजारी बसता येते, ही सोय आपल्याला आयती मिळालेली नाही. ती महाग होऊन किंवा खिळखिळी होऊन हातातून जाऊ लागली, तर तोटा पैशांपुरता राहत नाही.

सरकारी सांगण्यावर विश्वास ठेवावा की नाही, असे अनेकजण विचारतात. भगवंतांनी केसपुत्त गावात कालामांना जो मार्ग सांगितला, तोच इथे लावावा: सांगणारा मोठा आहे, सगळे तसे म्हणतात, एवढ्याने काही खरे मानू नये, त्याने लोकांचे हित होते की अहित, हे अनुभवाने तपासावे. तपासायला पुणे चांगले गाव आहे. कोंडी फोडण्यासाठी विद्यापीठ चौकात उड्डाणपूल बांधले. पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोवर २०२० मध्ये ते पाडले. डिसेंबर २००६ मध्ये बससाठी वेगळी मार्गिका, म्हणजे बीआरटी, मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. पुढे नगर रोडवरची मार्गिका तर काढूनच टाकली. आणि देशाचे २००६ चे शहरी वाहतूक धोरण मात्र स्पष्ट सांगते की रस्ता गाड्यांसाठी नाही, माणसांसाठी आहे. म्हणजे कागद चांगला आहे. तो बाहेर काढून समोर ठेवायची वेळ आपली आहे.

पण अविश्वासही तपासून घ्यावा. विजेची बस पेटतेच, मेट्रो फक्त श्रीमंतांसाठी, असले संदेश मोबाईलवर फिरतात. मेट्रोचेच घ्या. वनाजचा तिचा डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर उभा आहे. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि १ ऑगस्ट २०२३ ला पुढे रुबी हॉलपर्यंत गाडी धावू लागली. तिकीट १० रुपयांपासून आहे, स्टेशनात लिफ्ट आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला ससूनला न्यायचे असेल, तर वनाज, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीला चढून पुणे रेल्वे स्टेशनला उतरावे. तिथून ससून जवळ आहे. अडचण आहे ती सुतारदऱ्याच्या चढावरून पौड रोडपर्यंत पोचण्याची. तिथे छोटी जोडबस वेळेवर हवी, आणि धड फूटपाथ हवा.

तोवर स्वतःला सांभाळा. थांब्यावर रस्त्याच्या अगदी कडेला उभे राहू नका. चार पावले मागे धूळ कमी लागते. लहान मूल कडेवर घ्या किंवा आतल्या बाजूला ठेवा, कारण त्याचे नाक धुराच्या नळीच्या उंचीवर असते. कापडी रुमाल बारीक कण अडवत नाही. दमेकऱ्याने एन-९५ मास्क लावावा आणि पंप पिशवीत ठेवावा. बसला उशीर होईल, वाटेत मुतारी नाही, म्हणून अनेक बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. पाणी प्या, मुतारी मागणे हे लाजेचे नाही, हक्काचे काम आहे. गरोदर बाईला बसमध्ये जागा द्या, सांगायची वाट पाहू नका. थांब्यापर्यंतचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणे मात्र टाळू नका, साखर आणि रक्तदाब दोन्हीला ते औषध आहे.

आणि एक काम विहारातून करता येईल. पंधरा दिवस आपल्या थांब्यावर बस किती वाजता यायला हवी होती आणि किती वाजता आली, हे एका वहीत लिहा. शाळेतली मुले हे हौसेने करतील. मग माहितीच्या अधिकारात पीएमपीला एकच प्रश्न विचारा: आमच्या मार्गावर गेल्या महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती आणि प्रत्यक्ष झालेल्या किती? अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकांच्याच हाती राहिली, त्या काळात विचारायला दारच नव्हते. पण अर्जाला कधीच कुणाची ओळख लागली नाही. थांब्याची शेड, दिवा, मुतारी, फूटपाथ यांसाठी दुसरी वाट आहे. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना कामे सुचवता येतात. तो अर्ज कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. वहीतले आकडे त्याला जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.