बलदिया, महापालिका आणि पाच वर्षांची मुदत (लेखांक ७)

दोह्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची स्थानिक सरकारशी गाठ पडते ती बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. घराचा भाडेकरार तिथे नोंदवायचा, गल्लीत कचरा साठला की १८४ ला फोन लावायचा. अनेक जणांनी मिळून व्हिला घेतला असेल, तर दारावर नोटीस लागेल की काय ही धास्तीही असते. कारण २०१० चा कायदा क्रमांक १५ कुटुंबवस्तीत कामगारांना सामुदायिक निवास द्यायला मनाई करतो.

ही नोटीस बलदियाची असली तरी कायदा बलदियाचा नाही. कतारमध्ये लोकांनी निवडलेली केंद्रीय नगर परिषद आहे. २९ मतदारसंघ आणि २९ सदस्य. एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या वस्तीचा प्रश्न या परिषदेत वारंवार आला. पण परिषद फक्त शिफारस करू शकते. कायदा झाला तो अमिरांच्या सहीने, साऱ्या देशासाठी. अंमलबजावणी मंत्रालयाच्या हाताखालच्या नगरपालिकांकडे गेली. आणि ज्यांच्या घरांचा हा प्रश्न होता त्यांना या निवडणुकीत मतच नव्हतं, कारण मतदार फक्त कतारी नागरिक.

परिषद उभी आहे ती १९९८ च्या कायदा क्रमांक १२ वर. ८ मार्च १९९९ ला पहिली निवडणूक झाली. स्त्रियांनी मतदान केलं, त्या उमेदवारही होत्या, निवडून मात्र एकही आली नाही. २००३ मध्ये शेखा अल जुफैरी निवडून आल्या. तेव्हापासून दर चार वर्षांनी मतदान होत आलं आहे, अगदी २०२३ पर्यंत. ही नियमितता साधी नाही आणि तिला कमी लेखू नये. पण साध्या कायद्याने दिलेलं साध्या कायद्याने काढूनही घेता येतं. राज्यघटनेत लिहिलेलंही तिथे कायम राहिलं नाही: कतारचं कायदेमंडळ असलेल्या शूरा परिषदेच्या ४५ पैकी ३० जागा निवडणुकीने भरण्याची तरतूद घटनेत होती, तसं मतदान २०२१ मध्ये एकदा झालं आणि नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमताने ती तरतूदच गेली.

आता आपल्याकडे वळू. १९९२ पूर्वी महाराष्ट्रातल्या पालिकांची स्थितीही फार वेगळी नव्हती. राज्य सरकारला वाटलं की पालिका बरखास्त, वर प्रशासक. मुंबई महापालिकेवर १९८४ मध्ये असाच प्रशासक बसला होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्याच्या या मनमानीला कुंपण घातलं. अनुच्छेद २४३ यू सांगतो की पालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही. निवडणूक ही मुदत संपायच्या आत. मधेच बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत. राज्याने कायदा बदलून बसलेली पालिका मुदतीआधी मोडायची वाटही त्याच अनुच्छेदाने बंद केली. निवडणूक घ्यायची ती राज्य निवडणूक आयोगाने. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बजावलं की प्रभागरचना किंवा मतदारयाद्या अपुऱ्या असल्याची सबब सांगून मुदत ओलांडता येणार नाही.

एवढं स्पष्ट असूनही मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. आजच्या छत्रपती संभाजीनगरची पालिका तर एप्रिल २०२० पासून नगरसेवकांविना होती. शाळेत गळणाऱ्या छपराची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, तर वॉर्ड ऑफिसातल्या अधिकाऱ्याकडे, ज्याला पुढच्या निवडणुकीची चिंता नव्हती. मला हा प्रकार अतिशय गंभीर वाटतो.

हे घडलं कसं? ४ मार्च २०२१ ला विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ओबीसींना स्थानिक संस्थांत आरक्षण देताना राज्याला तीन अटी पाळाव्या लागतील: स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची तपासणी, त्यानुसार प्रत्येक संस्थेपुरतं प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. जिल्हा परिषद कायद्यातलं सरसकट २७ टक्के त्यात टिकलं नाही. ही राज्याच्या कायद्यावरची दुसरी घटनात्मक मर्यादा. तिच्याशी कुणाला भांडण असेल, पण माहिती गोळा करण्याचं काम राज्याचं होतं आणि ते रखडलं. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे दिले. मुंबईचे प्रभाग एका सरकारने २२७ वरून २३६ केले, दुसऱ्याने पुन्हा २२७. प्रत्येक बदलागणिक नवी याचिका, नवी तारीख. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला चार आठवड्यांत अधिसूचना आणि चार महिन्यांत निवडणूक असा आदेश दिला. पुढे त्यालाही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

म्हणजे राज्याने पाच वर्षांच्या मुदतीला हात लावला नाही, तिच्या वाटेवरच्या गोष्टींना लावला. माझ्या मते घटनेतली खरी फट इथे आहे. मुदत पक्की आहे, पण प्रभाग किती आणि सीमा कुठे, हे राज्याच्या कायद्याने ठरतं.

याहून मोठी फट अधिकारांची. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, पण ते पालिकेला द्यायचे की नाही, हे अनुच्छेद २४३ डब्ल्यूने विधिमंडळाच्या मर्जीवर सोडलं. म्हणून मुंबईत निवडून आलेली महापालिका असूनही आयुक्त नेमतं राज्य सरकार, कार्यकारी अधिकार १८८८ च्या कायद्याने आयुक्तांकडे, प्रदेशाच्या नियोजनात एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन वेगळ्या प्राधिकरणाकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पालिकेची जकात गेली. बदल्यात राज्याकडून दर महिन्याला भरपाई मिळते. मुंबईसारखी श्रीमंत पालिका एका फटक्यात राज्याच्या हप्त्यावर आली.

पैशाचा हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. पुढच्या आठवड्यात अनुच्छेद २४३ वायखालचा राज्य वित्त आयोग पाहू: तो काय शिफारस करू शकतो, आणि सरकारने ती नाकारली तर पालिकेच्या हाती काय उरतं.