खाडा आणि पिशवी

शहरातल्या घरांत दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडले जातात आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे कापले की हिशेब मिटतो. उसाच्या फडात खाड्याचा हिशेब इतका सोपा नसतो. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. कारखान्यासाठी माणसं जमवणारा मुकादम या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि ती रक्कम दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या पाच-सहा महिन्यांच्या तोडणीतून फेडून घेतो. जोडीतल्या एकाने जरी दांडी मारली तरी त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड बसतो. हा दंड दिवसाला ५०० रुपयांच्या घरात असल्याचं २०१९ मधल्या बातम्यांत पुन्हा पुन्हा आलं होतं. ताप आला, पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं, बाळंतपणाचे दिवस भरत आले, कारण काहीही असो, वहीत त्याची नोंद एकाच शब्दाने होते. आजारपण आणि गैरहजेरी यांत फरक करणारा दुसरा रकानाच तिथे नाही.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याचं उजेडात आलं. राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली, म्हणजे ढोबळमानाने दर सहा जणींमागे एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हाच प्रश्न १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांना विचारला होता. तेव्हा देशाचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास आणि महाराष्ट्राचा त्याहूनही थोडा कमी निघाला होता. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने ‘पाचपट-सहापट’ असं छातीठोकपणे म्हणू नये. पण फरक इतका मोठा आहे की मोजणीतल्या चुकीवर तो ढकलता येत नाही. वर्तमानपत्रांत आणि सभागृहांत या आकड्याची दोन स्पष्टीकरणं फिरत राहिली, एक लुटारू डॉक्टरचं आणि दुसरं अडाणी बाईचं. दोन्हींत थोडं तथ्य आहे. मात्र दोन्ही स्पष्टीकरणं दवाखान्याच्या दाराशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. माझं म्हणणं असं की या शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः फडात होतो, दवाखान्यात त्याला फक्त वैद्यकाची भाषा मिळते. हे दिसायचं तर वैद्यकाच्या समाजशास्त्राने सत्तर वर्षांत घडवलेली काही अवजारं हाताशी घ्यावी लागतात.

त्यातलं पहिलं अवजार अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांचं. १९५१ च्या ‘द सोशल सिस्टिम’ या ग्रंथात त्यांनी मांडलं की आजार ही शरीराची अवस्था असली तरी आजारपण ही समाजाने दिलेली भूमिका असते. या भूमिकेत दोन सवलती मिळतात: रोजच्या जबाबदाऱ्यांतून तात्पुरती सुटका आणि ‘हे तुझ्यामुळे झालं’ या ठपक्यातून मुक्ती. बदल्यात दोन अटी पाळाव्या लागतात. बरं होण्याची इच्छा दाखवायची आणि जाणकाराकडे, म्हणजे डॉक्टरकडे, जायचं. आपल्याकडे हीच कल्पना कायद्याच्या भाषेत आधीच आली होती. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत विमा उतरवलेल्या कामगाराला डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळतो आणि त्याचा दर आज मजुरीच्या ७० टक्के आहे. गिरणगावातल्या साच्यावरच्या कामगाराला त्या कागदाने आजारी पडण्याची परवानगी मिळत असे. पार्सन्सवर पुढच्या पिढीने पुष्कळ टीका केली. जुनाट आजार त्यांच्या चौकटीत बसत नाहीत, डॉक्टर आणि रुग्ण यांचे हितसंबंध एकच असल्याचं ते गृहीत धरतात, असे आक्षेप आले, आणि ते रास्तच आहेत. मला या चौकटीचा उपयोग वाटतो तो तिच्यात कोण मावत नाही हे पाहण्यासाठी. ऊसतोड कामगाराचा मालक कोण, याचंच उत्तर कागदावर मिळत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम उचलीकडे. मालकच नाही तिथे रजा कोण देणार आणि दाखला कोणासमोर ठेवणार?

पण शरीर दाखल्याची वाट पाहत नाही. भल्या पहाटे फडात उतरायचं, दिवसभर वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या आणि रात्री गाडी आली तर पुन्हा भरायला उठायचं. राहायला फडाजवळची कोपी. शौचालय नाही, पाणी लांब, पाळीतलं कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. अशा ठिकाणी पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळी लांबणं या तक्रारी नव्या नसतात, वर्षानुवर्षं सोसलेल्या असतात. आयर्व्हिंग झोला यांनी बॉस्टनच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रुग्णांचा अभ्यास करून दाखवलं होतं की लक्षणं वाढली म्हणून माणूस डॉक्टरकडे जातोच असं नाही. लक्षणांशी आजवर केलेली तडजोड ज्या दिवशी मोडते त्या दिवशी तो जातो, आणि ती मोडणाऱ्या गोष्टींत कामात येणारा अडथळा ही एक मोठी गोष्ट असते. फडात ती तडजोड खाड्याच्या रूपाने मोडते. दर महिन्याला दोन-तीन दिवस बुडवणारं, औषधाने हळूहळू बरं होणारं, पुन्हा दाखवायला बोलावणारं दुखणं या करारात परवडत नाही. परवडतं ते एकदाच होणारं, तारीख ठरवून हंगामाआधी उरकता येणारं ऑपरेशन. पार्सन्सच्या भूमिकेत आजारी माणूस कामातून सुटतो. इथे बाई कामातून सुटायला ऑपरेशन करून घेत नाही. पुढे कधी आजारीच पडावं लागू नये म्हणून ती पिशवी काढते.

यावर पहिला आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो हलका नाही. या स्त्रियांना खरोखरच रोग असतात, मग ऑपरेशनला सामाजिक म्हणायचं कारण काय? रोग असतात हे खरंच. राणी आणि अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे तिचं बाळंतपण आणि तिची नसबंदी, एवढंच धरून चाललेल्या धोरणाला या शोधनिबंधाने जाब विचारला. त्यातला तपशील मात्र आपल्या प्रश्नाला उलट दिशेने उत्तर देतो. सापडलेल्या रोगांत जंतुसंसर्गाचं प्रमाण मोठं होतं. बहुतेक संसर्गांना औषध आणि पुन्हा तपासणी लागते, गर्भाशय काढावं लागत नाही. रोग खरा असणं ही एक गोष्ट आणि त्यावरचा उपाय कशाने ठरतो ही दुसरी. समाजशास्त्र पहिलीबद्दल डॉक्टरांशी वाद घालत नाही.

दुसऱ्या गोष्टीबद्दल वैद्यकाच्याच इतिहासात एक नमुनेदार प्रसंग आहे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या शाळांतली ११ वर्षांची १,००० मुलं पाहणीसाठी घेतली गेली. ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना नको म्हटलं होतं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी ९९ निवडली. राहिलेली ११६ पुन्हा तिसऱ्यांना दाखवली, त्यांनी ५१ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. तीन चाळण्यांनंतर हजारातली ६५ मुलं सुटली, आणि चौथी चाळणी लावली असती तर तीही किती उरली असती कोण जाणे. इथे कोणी लबाडी केली नव्हती. थॉमस शेफ यांनी पुढे याचा अर्थ लावला तो असा: रोग नसताना आहे म्हणण्यापेक्षा असताना नाही म्हणणं ही मोठी चूक, असा वैद्यकाचा अलिखित नियम असतो, आणि शंकेच्या जागी हात शस्त्राकडे वळतो. बीडच्या कहाण्यांत हा नियम ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो’ या वाक्यात ऐकू येतो. सोनोग्राफीच्या पडद्यावरची करडी सावली बाईला वाचता येत नाही आणि कॅन्सर या शब्दापुढे तिला प्रश्न सुचत नाही. अडाणीपणाने सगळं उलगडतं असं मानणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याकडे पाहावं. जॉन वेनबर्ग आणि त्यांचे सहकारी अ‍ॅलन गिटलसोन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की तिथल्या एका रुग्णालय-क्षेत्रात सत्तरीपर्यंत गर्भाशय काढलं जाण्याची शक्यता २० टक्के होती, तर दुसऱ्या क्षेत्रात ७० टक्के. दोन्हीकडच्या बायका शिकलेल्याच होत्या. इतका फरक रोगांत असणं कठीण, तो तिथल्या डॉक्टरांच्या सवयींत होता.

सवयी तपासायच्या कोणी? एलियट फ्रीडसन यांनी १९७० च्या ‘प्रोफेशन ऑफ मेडिसिन’मध्ये डॉक्टरीचं मर्म कौशल्यात शोधलं नाही, स्वायत्ततेत शोधलं: आपल्या कामाचं मोजमाप आपणच करण्याचा समाजाने मान्य केलेला अधिकार. हा अधिकार मिळतो तो ‘आमच्यातल्या चुकारांना आम्ही आवरू’ या हमीवर. व्यवहारात, फ्रीडसन म्हणतात, सहकारी चुकार डॉक्टरकडे फार तर रुग्ण पाठवणं थांबवतात, त्याचं नाव घेत नाहीत. डॉ. अरुण गद्रे यांनी ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात व्यवसायातल्याच मंडळींना बोलतं केलं आणि कट प्रॅक्टिसपासून अनावश्यक शस्त्रक्रियांपर्यंत सगळं त्यांच्या तोंडून आलं. पण तालुक्याच्या डॉक्टरची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्यासमोरची बाई दोन दिवसांनी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघालेली असते. तीन महिन्यांचा औषधोपचार लिहून दिला तरी पुढची तपासणी कोण करणार? ‘एकदाचं काढून टाका’ असं ती स्वतःच म्हणते. या तर्काला लोभाचा पाठिंबा मिळतो हे उघड आहे, कारण ऑपरेशनची फी आणि गोळ्यांची फी यांची बरोबरी होत नाही. लोभ बाजूला ठेवला तरी तर्क मात्र शिल्लक राहतो, म्हणून एकट्या वैद्यक परिषदेच्या कारवाईने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

बाई स्वतः मागते, हा खरं तर सर्वांत अवघड मुद्दा आहे. तिच्या निर्णयाला फसवणूक म्हणून मोडीत काढलं तर आपण तिला दुसऱ्यांदा अडाणी ठरवतो. तिच्या परिस्थितीत तो हिशेब चोख आहे. मुलं झाली की पिशवीचं काम संपलं, ही समजूतही तिने एकटीने घडवलेली नाही. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची नगण्य. एका ऑपरेशनने बाईच्या शरीराची कटकट कायमची मिटते, हा धडा सरकारी शिबिरांनीच दोन पिढ्यांना दिला. आता कोणी म्हणेल, आंध्र आणि तेलंगणात ऊसतोडीचं स्थलांतर हे कारण नाही, तरी त्याच राष्ट्रीय पाहणीत गर्भाशय काढण्याचं सर्वांत जास्त प्रमाण तिथलंच होतं, मग कोयत्याला दोष कसा देता? आक्षेप बरोबर आहे आणि त्यामुळे माझं म्हणणं थोडं बदलावं लागतं. कोयता हे या शस्त्रक्रियेचं एकमेव कारण नाही. स्वस्त औषधोपचार आणि पाठपुरावा नसलेली सार्वजनिक व्यवस्था, तिची जागा घेणारा खाजगी दवाखाना आणि बिनरजेची मजुरी एकत्र येतात तिथे हा कल दिसण्याचा संभव असतो. देशभरातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश खाजगी रुग्णालयांत झाल्याचं त्याच पाहणीत आढळलं. बीडमध्ये बिनरजेच्या मजुरीला दंडाची धार आहे, एवढाच फरक.

रॉबर्ट स्ट्रॉस यांनी १९५७ मध्ये एक भेद सांगितला होता: वैद्यकाच्या आत राहून त्याला मदत करणारं समाजशास्त्र वेगळं आणि बाहेर उभं राहून वैद्यकाचाच अभ्यास करणारं वेगळं. बीडनंतर झालेले उपाय बहुतेक पहिल्या जातीचे आहेत. शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली, हंगामाआधी आणि नंतर आरोग्यतपासणीचे आदेश निघाले. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राबवायला राज्यांना सांगितलं. हे सगळं हवंच होतं. यांतली प्रत्येक गोष्ट डॉक्टरच्या टेबलापाशी घडते. मुकादमाच्या वहीपर्यंत यांतली एकही पोचत नाही. तिशीच्या आत-बाहेर गर्भाशय, आणि कधी त्याच्याबरोबर अंडाशयंही, गेलेल्या बाईला पुढे हाडं ठिसूळ होणं, कंबर धरणं, अंगातून वाफा येणं अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. डोक्यावरची मोळी मात्र तेवढ्याच वजनाची राहते. ऑपरेशनला हजारो रुपये लागतात, आणि ते जवळ नसले तर देणारा बहुतेकदा मुकादमच असतो. ती रक्कम पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली जाते.