द्राक्षाचा मोसम कात्री ठरवते

फळं-भाज्या आपापल्या मोसमात खाव्यात हा सल्ला कुणी नाकारत नाही, कारण बहुतेक पिकांच्या बाबतीत मोसम म्हणजे काय हे सांगावंच लागत नाही. थंडीत हरभऱ्याचा पाला, वैशाखात आंबा, पहिल्या पावसानंतर रानभाज्या. तासगावच्या द्राक्षापाशी मात्र हा सल्ला अडखळतो. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं झाडून निजते, वसंतात फुटते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. तिचा मोसम हवामानच ठरवतं. तासगाव तालुक्यातल्या सावळज, मणेराजुरी, बोरगावच्या पट्ट्यात वेलीला निजवण्याइतकी थंडी कधी पडत नाही. तिथं वेलीला थांबवायचं आणि जागं करायचं काम कात्री करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा सरताना फळछाटणी होते, काडीवरच्या डोळ्यांना पेस्टिंग करून, म्हणजे औषध लावून, ते एकदम फोडले जातात आणि तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. फळछाटणी ते तोडणी हे अंतर साधारण 110 ते 130 दिवसांचं. ऑगस्टच्या मध्यावर छाटलेली बाग डिसेंबरात विक्रीला येऊ शकते, ऑक्टोबरात छाटलेली फेब्रुवारी-मार्चमध्ये. मोसम असा माणसाच्या हातात आला की ‘मोसमात खा’ या सांगण्याला अर्थ तरी काय उरतो?

अर्थ उरतो, पण तो पंचांगात शोधून सापडणार नाही. केळं, चिकू, आंबा ही फळं तयार झाल्यावर कच्ची उतरवली तरी आढीत पिकतात, त्यांच्यातल्या पिठाची साखर होते. द्राक्षाला ही सोय नाही. घड वेलीवरून उतरला त्या घटकेला त्यात जेवढी साखर असते तेवढीच शेवटपर्यंत राहते. पुढं फार तर मणी सुकतो आणि देठ काळवंडतो. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ आणि पारदर्शक होऊ लागतो, तेव्हापासून पानांनी बनवलेली साखर त्याच्यात झपाट्यानं जमा होते आणि आंबटपणा उन्हाबरोबर कमी होतो. मणी फुगण्यासाठी दिलेल्या जिबरेलिक ॲसिडनं आकार वाढतो, साखर नव्हे. उलट वेलीवर घड जास्त आणि पानं कमी असली की तीच साखर जास्त मण्यांत वाटली जाते. म्हणून द्राक्षाचा मोसम म्हणजे मण्यात साखर पुरती भरल्यापासून तो वेलीवर सैल पडेपर्यंतचे थोडे दिवस. बाग कुठल्याही महिन्यात छाटलेली असो, हे दिवस यायच्या आत कात्री लावली तर ते फळ बिगरमोसमीच.

हे कुणाला शब्दांचा खेळ वाटत असेल तर त्यानं बेदाण्याचा हिशेब मांडून पाहावा. बेदाण्याची शेडं तासगावपासून पूर्वेला, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनीच्या कोरड्या माळावर जास्त दिसतात, कारण तिथल्या मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ओल नसते. घड क्रेटमधून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात. मण्यावरचा पांढरट मेणाचा थर (पुष्कळ गिऱ्हाइकांना तो औषधाचा डाग वाटतो, पण तो वेलीनंच दिलेला असतो) त्यामुळं सैल पडतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मग एकावर एक बांधलेल्या जाळ्यांच्या रॅकवर सावलीत तो माल पसरतात. दोनेक आठवड्यांनी रॅक झाडून बेदाणा खाली पाडतात, देठ काढतात, प्रतवारी करतात, रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. एवढ्या सगळ्या खटाटोपात साखर कुठंही मिसळली जात नाही. जाते ते फक्त पाणी. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हे गणित या भागात पोरंही सांगतात. पण ते खरं ठरतं ते गोडी 22 ब्रिक्सच्या (म्हणजे ढोबळमानानं रसात 22 टक्के घन भाग) आसपास असेल तरच: चार किलोत 880 ग्रॅम घन भाग, आणि 15 टक्के ओल धरणाऱ्या एक किलो बेदाण्याला लागतो 850 ग्रॅम. हीच द्राक्षं 16 ब्रिक्सवर उतरवली तर एका किलो बेदाण्याला सव्वापाच किलोंहून जास्त माल घालावा लागेल. खाण्याच्या द्राक्षात पाणी गोडीच्या भावानं विकता येतं. शेडवर ते वाऱ्यावर जातं. म्हणूनच बेदाणा करणारा शेतकरी घाई करत नाही. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते माळावरच्या हवेमुळं जेवढं, तेवढंच या थांबण्यामुळं, असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूनं येईल, आणि तो हलका नाही. सगळ्यांनी ऑक्टोबरातच छाटलं तर मार्चमध्ये सगळा माल एकदम बाजारात येऊन भाव कोसळेल. शिवाय अवकाळी पाऊस आणि गारपीट एका रात्रीत सगळ्यांचं वर्ष बुडवतील. लवकर छाटणारा परतीच्या पावसात, फुलोऱ्यात, डाऊनी या बुरशीरोगाशी झुंजतो. त्याला मिळणारा चढा भाव हे त्या जोखमीचं मोल आहे. हे सगळं मान्य. पण दोष लवकर छाटण्यात नाही, लवकर तोडण्यात आहे. ऑगस्टची बागही गोड होते, फक्त ढगाळ हवेत आणि थंडीत साखर सावकाश भरते, तेव्हा तिला दिवस जास्त द्यावे लागतात. नेमके तेच दिवस चढा भाव खाऊन टाकतो. व्यापारी दारात पेट्या घेऊन उभा असतो, आठवडाभरात भाव उतरेल अशी भीती असते, आणि घड हिरवाच कापला जातो. त्या आंबट पेटीमुळं पहिल्यांदा फसलेलं गिऱ्हाईक पुढं महिनाभर द्राक्षाकडं फिरकत नाही, आणि त्याची किंमत फेब्रुवारीत गोड माल आणणारा शेजारी मोजतो.

दुसरा आक्षेप वाहतुकीचा. पुरतं पिकलेलं द्राक्ष दूर जात नाही, मणी गळतात, म्हणून थोडं कडक असतानाच तोडावं लागतं असं म्हणतात. कोलकात्याला जाणाऱ्या ट्रकबाबत हे समजून घेता येईल. पण सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई ही गावं तासगावपासून फार तर एका रात्रीच्या अंतरावर आहेत. तिथल्या बाजारात आंबट द्राक्ष दिसतं तेव्हा त्याला अंतर कारण नसतं, गिऱ्हाइकाची सवय असते. आपल्याला द्राक्ष हिरवंगार, लांबट आणि टचटचीत हवं असतं, आणि बाजार तेच देतो. गोडी भरलेल्या थॉम्पसन किंवा याच तालुक्यात निवडलेल्या तास-ए-गणेश या वाणाच्या मण्यावर किंचित पिवळसर छटा येते. ती पाहून आपण ‘जुना माल’ म्हणून पुढं जातो. बेदाण्यातही हेच घडतं: हिरव्याला चढा भाव, तपकिरीला उतरता, चव काहीही असो. शीतगृहांमुळं मोसमाचं बंधनच संपलं असं म्हणणाऱ्यांनीही एवढं लक्षात घ्यावं की थंडाव्यानं साखर टिकते, वाढत नाही. आंबट घड दोन महिने जपला तर दोन महिन्यांनी आंबट घडच मिळतो. बेदाण्याची गोष्ट निराळी, कारण तो शीतगृहात ठेवला जातो तो मोसम पूर्ण भोगूनच.

घडाचे खांदे आधी पिकतात, शेंडा सगळ्यांत शेवटी. विक्रेता चवीला देतो तो बहुधा खांद्याचा मणी. तुम्ही शेंड्याचा मागा. तो आंबट लागला तर महिना कुठलाही असो, पेटी घेऊ नका, आणि का घेत नाही हे विक्रेत्याला सांगा. तासगावपर्यंत तो निरोप पोचायला फार दिवस लागत नाहीत.