गॅदरिंगमध्ये गाणार कोण?

दिवाळीच्या सुट्या संपल्या की कन्हान, कांद्री, टेकाडीकडच्या शाळांमधून एकच आवाज यायला लागतो, गॅदरिंगच्या तयारीचा. कुणाच्या घरी घागरा भाड्यानं आणायची गडबड, कुणाकडे रुसवाफुगवी, कारण नाचात नंबर लागला नाही. आज मी याच गॅदरिंगबद्दल आणि त्यातल्या गाण्याबद्दल बोलणार आहे.

आधी माझीच गोष्ट सांगते. मी तिसरीत होते. समूहगीत बसवताना गुरुजी रांगेसमोरून कान देत चालले होते. माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." गॅदरिंगच्या दिवशी मी तेच केलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "छान म्हटलं हो बाई तू!" तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मी कितीतरी वर्षं चारचौघांत गायले नाही. आरतीतही टाळ्याच वाजवायची. पुढे मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवायला लागले, तेव्हा कळलं की दोष माझ्या गळ्यात नव्हता. मला कुणी गायला शिकवलंच नव्हतं.

सहा ते दहा वर्षांचं लेकरू बेसूर का वाटतं? बहुतेक वेळा त्याची कारणं साधी असतात. पहिलं म्हणजे पट्टी. लहान मुलांचा आवाज उंच आणि हलका असतो. आपण मोठी माणसं आपल्याला सोयीच्या खालच्या पट्टीत गाणं धरतो. मुलांना खालचे सूर लागत नाहीत, मग ती गुरगुरल्यासारखं म्हणतात आणि आपण म्हणतो, याला सूरच नाही. तेच गाणं हार्मोनियमच्या दोन-तीन पट्ट्या वर धरलं, तर अर्ध्या मुलांचा आवाज आपोआप मोकळा होतो.

दुसरं कारण म्हणजे आपलं "जोरात म्हणा, जोरात!" मुलं जोरात म्हणत नाहीत, ओरडतात. ओरडताना शेजारच्याचा सूर ऐकू येत नाही, आणि ऐकल्याशिवाय सूर जुळत नाही. म्हणून आधी ऐकायचं आणि मग म्हणायचं. बाईंनी एक ओळ म्हणावी, मुलांनी तीच म्हणावी. तेवढ्यानं जमलं नाही, तर हाकेपासून सुरुवात करा. लेकरू लांबून मैत्रिणीला नावानं हाक मारतं ना, त्यात बहुधा दोन सूर असतात, एक वरचा आणि एक खालचा. ज्याला अशी हाक मारता येते, त्याला गाणं शिकवता येतं.

तालाचंही तसंच. त्यासाठी तबला-पेटी लागत नाही. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी सगळ्यांनी ऐकलेली आहे. आपल्या कितीतरी भजनांत वाजणारा केरवा आठ मात्रांचा, चार आणि चार. दादरा सहा मात्रांचा, तीन आणि तीन. पहिल्या मात्रेला टाळी आणि बाकीच्या मात्रा बोटांवर, एवढ्यात पहिलीचं मूल ताल धरतं. जे मूल गायला लाजतं, त्याला आधी ताल द्यायला बसवा. त्याला गप्प मात्र बसवू नका.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत संगीताचे शिक्षक कुठे आहेत? खरं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. म्हणजे गाणं वर्गशिक्षकांच्याच वाट्याला येतं, आणि त्यांच्या मागे कामं किती, हे आपण पाहतोच.

पण वेळ नाही, हे मात्र मला पटत नाही. शाळेत रोज परिपाठ होतो. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. 2023 च्या 19 फेब्रुवारीपासून राज्यगीतही आलं, तेही आपल्या नागपूरच्या राजा बढे यांचं. त्याला पावणेदोन मिनिटं लागतात. शिवाय प्रार्थना. हे सगळं मिळून रोज पाच मिनिटं धरा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान 200 दिवस भरते. पाच गुणिले 200 म्हणजे हजार मिनिटं, सोळा तासांच्या वर झाले! संगीताचा तास वेळापत्रकात आधीच आहे. फक्त स्पीकरवर गाणं लावून मुलांना खाली उभं करायचं, की मुलांनी स्वतः म्हणायचं, एवढंच ठरवायचं आहे.

गॅदरिंगमध्येही हेच होतं. मोबाइलमधलं गाणं लागतं, निवडक दहा-बारा मुलं नाचतात, बाकीची सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. नाच वाईट नाही, मुलांना तो आवडतो. पण वर्षाचा एकच कार्यक्रम आणि त्यात बहुतेकांचा आवाजच कुणाला ऐकू येत नाही, हे बरं नाही. निदान प्रत्येक वर्गाचं एक गाणं असं असावं, जे वर्गातली सगळी मुलं स्वतःच्या गळ्यानं म्हणतील. पुस्तकातली चालीवरची कविता चालेल. भाड्याचा पोशाख नको, शाळेचा गणवेश पुरे.

यात आपण आया काय करू शकतो? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे त्या खुर्चीवर आपल्यातलीच कुणीतरी बसलेली आहे. गॅदरिंगचा विषय डिसेंबरात नको, भाद्रपदातच काढा. कारण भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या भुलाबाई असतात. टिपऱ्या घेऊन घरोघरी जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. आपल्या आजी-आईनं ही गाणी कुठल्या वर्गात शिकली होती? एक म्हणायची, बाकीच्या झेलायच्या, महिनाभर रोज. ऐकून म्हणायची ती जुनी रीत शाळेला हवीच आहे. आठवड्यातून एकदा दोघी-तिघींनी शाळेत जावं, मुलामुलींना सगळ्यांना ती गाणी शिकवावी. ज्या घरी हिंदी बोलतात, त्या आईनं तिच्याकडचं गाणं आणावं.

एक आठवण सांगून थांबते. माझ्या वर्गात एक पोरगा होता, कवितेला नेहमी शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसायचा. मी म्हटलं, "तू काहून नाही म्हणत रे?" म्हणाला, "माझा आवाज खराब आहे, घरी म्हणतात." त्या दिवशी मी कविता तीन पट्ट्या वर धरली आणि त्याला टाळी सांभाळायला सांगितलं. चार दिवस त्यानं टाळीच दिली. पाचव्या दिवशी टाळीबरोबर त्याचा आवाजही आला, बारीकसा.

तेव्हा आज रात्री लेकराला एक गाणं म्हणायला सांगा. चुकलं तर हसू नका, "तुझा आवाज असाच आहे," असंही म्हणू नका. थोडं वरून धरा आणि त्याच्याबरोबर म्हणा.